नारायण वामन टिळक : उशिरा आलेले फळ

लहानपणी आमच्या घरी ओसरीच्या खिडकीत एक काचेचा पेला उपडा घातलेला असे. घरातील पितळी पेले सर्वांचे. हा काचेचा पेला मात्र एकाच व्यक्तीचा. नगरकडून रेल्वेच्या नोकरीनिमित्त बडोद्यास येऊन राहिलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबातील बाई वडिलांकडे गाणे शिकावयास येत, त्यांच्यासाठी तो ठेवलेला होता. शिकवणी संपली की आई त्यांना पाणी देई. त्या पीत, पेला स्वतः विसळीत आणि पुन्हा खिडकीत उपडा घालीत. याबद्दल कोणी कोणाशी काही बोलत नसे. वडील वाड्यावर गाणारे, घर जुने, रीतही जुनी. आणि मला त्या वयात त्यात काही वावगे दिसले नाही, हेही येथे सांगून टाकले पाहिजे.

एके दिवशी त्या बाई आपल्या प्रार्थनेचे पुस्तक घेऊन आल्या आणि त्यातील एक अभंग म्हणू लागल्या. वडील डोळे मिटून ऐकत होते, त्यांचा हात मांडीवर आपोआप ठेका धरू लागला. अभंग संपल्यावर हे कोणत्या संताचे, असे त्यांनी विचारले. बाईंनी रेव्हरंड टिळकांचे नाव सांगितले. वडिलांना टिळक ठाऊक होते, पण ते शाळेच्या क्रमिक पुस्तकातले. फुलांवर, पाखरांवर, मुलांवर कविता करणारे. तेच हे गृहस्थ, हे त्यांना पटेना. पटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग अभंग पुन्हा म्हणावयास सांगितला.

आपल्या जुन्या घरांतून टिळक असेच अर्धे वाचले जातात, असे मला पुढे दिसून आले. वनवासी फूल, सुशीला ही नावे सर्वांच्या ओठांवर. बाकीचा मनुष्य मात्र, एखाद्या नातेवाइकाने अडचणीचे लग्न करावे आणि घराने त्याचे नाव हळू आवाजात घ्यावे, त्याप्रमाणे आपण बाजूस ठेवला आहे. ख्रिस्ती मंडळींकडे उलट प्रकार. त्यांना धर्मांतराचा दिवस तोंडपाठ. मला स्वतःला त्या एका दिवसापेक्षा त्यानंतरच्या चोवीस वर्षांचे अधिक कुतूहल वाटते.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी कोकणात करजगाव येथे चित्पावन कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे. आई जानकीबाई कवितेची आवड असलेली, हळव्या मनाची. तिच्यावर मुलाचा जीव. अकरा-बारा वर्षांच्या वयात ती गेली आणि मुलगा घर सोडून पायी नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. इंग्रजी शाळा मात्र पोटापाण्यासाठी लौकरच सोडावी लागली. 1880 साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई, त्यांच्या घरात आल्या. मुलगी अकरा-बारा वर्षांची, नवरा अठरा-एकोणिसाचा, आणि घर म्हणावे असे कोठेच नाही. कोठे मास्तरकी, कोठे कीर्तन, कोठे पुराण, कोठे छापखाना. आज येथे तर उद्या तेथे. मनात आले की न सांगता सवरता ते निघून जात. बाजारासाठी दिलेले पैसे भलत्याच गोष्टीत घालून हसतमुखाने परत येत. राग आला तर तो वादळासारखा, आणि ओसरला की मुलासारखे रडू येई. लक्ष्मीबाईंनी हे सर्व स्मृतिचित्रांत लिहून ठेवले आहे, आणि अशा खुमासदारपणे, की वाचताना आपण हसतो. त्या माउलीवर तेव्हा काय गुदरले असेल हे मागाहून ध्यानात येते.

नागपुरास श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. तेथून पुढे राजनांदगाव संस्थानाकडे जात असता, 1893 च्या सुमारास, आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले. त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि तो वाचून पाहण्याचे वचन घेतले. त्या गृहस्थांचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. वचनास जागून त्यांनी ग्रंथ उघडला. सुरुवातीस मन लागेना. पण येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुढे सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. वय तेहतीस. घरी बायकोला याची कल्पना नव्हती.

ख्रिस्ती चरित्रकार येथे पोहोचले म्हणजे बहुधा सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि आपल्याकडील लोक येथे पुस्तक मिटतात. दोघांचीही चूक होते असे मला वाटते. ख्रिस्ती शास्त्रात फळाची भाषा फार आहे. येशू आपल्या शेवटच्या रात्री शिष्यांना द्राक्षवेलीचा दृष्टांत सांगतो. तो वेल, शिष्य फांद्या, बाप माळी. जी फांदी फळ देते तिचीही छाटणी होते, ती अधिक फळावी म्हणून. पौल आपल्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाची नऊ अंगे मोजतो. त्यांत प्रेम आहे, आनंद आहे, तशीच सहनशीलता आहे आणि सौम्यताही आहे. चमत्कार नाहीत, वक्तृत्व नाही, कवित्व नाही. कविता टिळकांस जन्मतःच होती, वक्तृत्वही होते. त्यासाठी त्यांना ख्रिस्ती होण्याची गरज नव्हती. सहनशीलता आणि सौम्यता ही दोन मात्र त्यांच्या पिंडात औषधालाही नव्हती. म्हणजे फळ धरायचे ते नेमके जेथे झाडाला पालवीदेखील नाही तेथे.

नाशिककडे द्राक्षाच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे अधिक लौकर समजेल. तेथील बागाइतदार वर्षातून दोनदा वेल छाटतो. एप्रिलातील खरड छाटणीने फळ येत नाही, नुसती काडी तयार होते. तीत घड धरण्याची शक्ती आतल्या आत साठते. फळछाटणी ऑक्टोबरात. बाहेरच्या माणसाला एप्रिलातील बाग उजाड वाटते. आमच्या गाण्यातही तसेच आहे. दोन वर्षे नुसता षड्ज लावून घेणाऱ्या शिष्याच्या बापाला वाटते, मास्तर फी खातो.

बाप्तिस्म्यानंतर पहिली छाटणी झाली ती घराची. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. बहीण आणि मेहुणे यांनी आश्रय दिला. पंढरपुरासही त्या काही काळ होत्या. चार-पाच वर्षे नवरा-बायको दुरावलेली. टिळक नगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले होते. पत्रे जात, भेटी होत, रडारड होई, पुन्हा ताटातूट. अखेर त्या आल्या, पण ख्रिस्ती होण्यास नव्हे, नवऱ्याजवळ राहण्यास. आणि येथे टिळकांच्या चरित्रातील जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते ती घडते. त्यांनी बायकोच्या सोवळ्याओवळ्याची सोय ठेवली. तिचे पाणी निराळे, तिचा स्वयंपाक निराळा. ज्या मनुष्याला भाजीवरून संताप येत असे, जो धर्माच्या वेडाने घरदार, जातगोत सोडून आला होता, त्याने आपल्याच घरात, आपल्याच बायकोच्या लेखी बाटगा म्हणून राहण्याचे पत्करले आणि तिच्यावर सक्ती केली नाही. तो पूर्वीसारखाच रागावे, हेही खरे. स्वभाव काही पाण्याने धुतला जात नाही. पण या एका बाबतीत त्याने वाट पाहिली.

पुढे लक्ष्मीबाईंनीच आपल्याशी विचार केला. जाती जर देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांतही त्याच्या खुणा दिसल्या असत्या, अशा धर्तीचा तो विचार होता. त्यात पुस्तकी काही नाही, एका स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईची ती सरळ बुद्धी आहे. जात माणसांनी केली असे ठरल्यावर त्या कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास तयार झाल्या. बाप्तिस्म्याच्या आधी ही गोष्ट झाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 1900 साली त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला.

स्मृतिचित्रांतील हे प्रकरण मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या खिडकीतील पेला आठवला. मी तेव्हा विशीत होतो आणि पेला फुटून बरीच वर्षे झाली होती. तो माझ्याच हातून फुटला. पतंग काढावयास खिडकीत चढलो होतो. आईने दुसरा आणला नाही. पुढच्या शिकवणीला बाईंना पितळी पेल्यात पाणी मिळाले. त्यांनी तो विसळला आणि कोठे ठेवावा हे न कळून हातात धरून उभ्या राहिल्या; आईने तो घेतला आणि आत नेला. पुन्हा कोणी काही बोलले नाही. आईच्या मनात काय होते मला आजवर ठाऊक नाही. कदाचित काचेच्या पेल्याला पैसे पडतात एवढेच असेल.

असो. आता माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो.

टिळक नगरास आले तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळीत गाण्याची स्थिती चमत्कारिक होती. तिकडे ख्रिस्ती कीर्तन टिळकांच्या आधीच सुरू झाले होते, हे मान्य. पण रविवारच्या उपासनेत पुष्कळशी गीते इंग्रजीवरून उतरविलेली आणि इंग्रजी चालींवर बसविलेली. त्या चाली वाईट नाहीत. कित्येक फार सुंदर आहेत, आणि चार आवाजांत त्या उत्तम गाइल्या तर अंगावर काटा येतो. पण त्या ज्या भाषेसाठी घडल्या तिच्यात शब्दाच्या एका अक्षरावर जोर असतो आणि सुरावटीचा आघात त्या जोराशी जुळवून घेतलेला असतो. मराठीत तसा आघात नाही. आपले वजन ऱ्हस्व-दीर्घावर, मात्रांवर, किंवा ओवी-अभंगात अक्षरसंख्येवर. मग होई काय, की देवाचा या शब्दातील जो चा आपण सहज सोडून देतो, नेमका त्याच्यावरच सुरांचा हातोडा पडे. गाणाऱ्यांना सवय झाली होती. त्यांना ते खटकतही नसे. बाहेरून येणाऱ्याला मात्र ऐकताक्षणी वाटे की ही माणसे आपली नव्हेत.

टिळकांनी अभंग हाती घेतला. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार; दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. हा साचा टाळावर आपोआप बसतो, कारण तो टाळाबरोबरच वाढलेला आहे. चौथा चरण दोन अक्षरांनी तुटका असल्याने तेथे म्हणणाऱ्याला श्वास मिळतो आणि टाळकऱ्यांना उचल घेता येते. शेकडो वर्षे उन्हापावसात चालत म्हणण्यासाठी हा छंद घासून गुळगुळीत झाला आहे. दिवाणखान्यात तो कोणी रचलेला नाही. टिळकांनी त्यात ख्रिस्ताचे नाव घातले आणि एकाही जुन्या टाळकऱ्याला थांबावे लागले नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. पुष्कळांना हा नुसता अलंकार वाटतो. मला तो अगदी सरळ अर्थाने खरा दिसतो: नाशिकास आणि पुढे गावोगाव कीर्तने करताना जो छंद जिभेवर बसला, तोच त्यांनी नव्या देवापुढे उभा केला. दुसरा त्यांच्याजवळ नव्हताच. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासना-संगीतात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. अभंग आहेत, पदे आहेत, आरतीच्या घाटाची गीते आहेत. सगळीच सारख्या तोलाची नव्हेत. काही मागणी आली म्हणून लिहिलेली दिसतात, आणि काहींत उपदेश कवितेच्या उरावर बसला आहे. पण जेथे ते बायकोसारखे, लेकरासारखे देवाशी बोलतात तेथे त्यांना आमच्या कोणत्याही भजनी मंडळात निःसंकोच जागा द्यावी.

दरम्यान 1904 साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत, आणि 1912 पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते. घर माणसांनी भरलेले. अनाथ पोर, भुकेला विद्यार्थी, कोणीही येई आणि राही. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर ज्यांना बालकवी म्हणून ओळखू लागले ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे नगरास टिळकांच्या घरातच राहिले, लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवले. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे टिळकांच्या मायेत उणेपणा आला असे कोठे दिसत नाही. 1918 च्या मे महिन्यात त्या तरुणाचा रेल्वेखाली अंत झाला. टिळकांना त्यानंतर एक वर्षाचेच आयुष्य होते.

या सर्व काळात एक टोचणी त्यांना होती. मिशनचा पगार आपण घेतो आणि लोकांस ख्रिस्त सांगतो; ऐकणारा मनात म्हणतो, हा पोटासाठी सांगतो. शिवाय ख्रिस्त या देशात परका कपडा घालून आला आहे, तो उतरल्यावाचून लोक त्याला ओळखणार नाहीत, ही त्यांची धारणा वर्षानुवर्षे पक्की होत गेली. ते देशावर जीव टाकणारे होते; आपण ख्रिस्ती झालो म्हणजे कमी हिंदी झालो असे त्यांना क्षणभरही वाटले नाही. 1917 साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. साताऱ्यास जाऊन देवाचा दरबार या नावाने एक बंधुसंघ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना सारखी जागा होती. आजच्या वाचकाला ही लहानशी बाब वाटेल. ज्याने बाप्तिस्म्यासाठी सर्वस्व गमावले होते त्याने बावीस वर्षांनी म्हणावे की तो नसला तरी या, बसा, हे लहान नव्हे. मला त्यात घरातील त्या निराळ्या चुलीची आठवण दिसते. तेव्हा त्यांनी एका माणसासाठी दार उघडे ठेवले होते. आता ते सर्वांसाठी ठेवले.

दरबार टिकला नाही. टिळक गेल्यावर तो विरला, आणि याबद्दल त्यांच्या भक्तांनी पुष्कळ कारणे दिली आहेत. मला वाटते, तो त्यांच्या एकट्याच्या व्यक्तित्वावर उभा होता, आणि संघटना चालविणे हा त्यांचा गुण नव्हता. ज्या माणसाला भाजी आणण्याचा हिशेब ठेवता आला नाही त्याला संस्था कशी ठेवता यावी? संन्याशाच्या बायकोमुलांचे काय, हा प्रश्नही लक्ष्मीबाईंनाच सोडवावा लागला. फळ मोजणाऱ्याने हेही मोजावे.

9 मे 1919 रोजी मुंबईस जे. जे. रुग्णालयात टिळकांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे ख्रिस्ती रीतीने दफन न करता देहाला अग्नी देण्यात आला आणि रक्षा नगरास नेण्यात आली.

त्यांच्या मागे एक अर्धवट काम राहिले होते. येशूचे चरित्र ओवीबद्ध करावे, मराठी घरात पोथीसारखे वाचले जावे, या हेतूने त्यांनी ख्रिस्तायन आरंभिले होते. पण दहा-अकरा अध्यायांपुढे ते गेले नाही. लक्ष्मीबाईंना लिहावाचावयास टिळकांनीच शिकविले होते, तेही अर्धेमुर्धे, रागालोभाच्या झटापटीत. विधवापणी, संसाराचा गाडा ओढीत, त्या बाईने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. 1934 पासून त्यांची स्मृतिचित्रे भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. मराठी गद्यात त्यांच्या तोडीची पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतील, असे माझे मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

आमच्याकडे शिकावयास येणाऱ्या त्या बाई ख्रिस्तायनातील ओव्या वडिलांना म्हणून दाखवीत. कोणता अध्याय टिळकांचा आणि कोणता लक्ष्मीबाईंचा, हे वडील चालीवरून ओळखण्याचा प्रयत्न करीत. टिळकांची ओवी पल्लेदार, संस्कृत शब्दांची. लक्ष्मीबाईंची घरगुती, जात्यावर बसलेल्या बाईची. तरी त्यांचा अंदाज पुष्कळदा चुके, आणि चुकला की ते खूश होत.

24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई गेल्या. उरलेला भाग मुलगा देवदत्त यांनी पुरा केला. 1938 साली ख्रिस्तायन छापून बाहेर आले, तेव्हा सर्व मिळून शहात्तर अध्याय भरले.